बाळाशी कोणत्या भाषेत बोलायचं?

जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावात जन्मलेल्या बाळाच्या कानावर पहिल्या वर्षात किती भाषा पडतात, याचा एकदा हिशेब मांडून पाहावा. आजी लेवा बोलीत बोलते. आई अमळनेर-पारोळ्याकडची असेल तर तिच्या तोंडी अहिराणी. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत असतील तर दिवसभर हिंदी बोलून घरी येतात. १९६४ साली ही फॅक्टरी उभी राहिली, वसाहतीत देशभरातली कुटुंबं राहायला आली आणि गावाच्या कानाला हिंदी ओळखीची झाली. शेजारच्या गल्लीत उर्दू, सातपुड्यातून मजुरीला आलेल्यांच्या झोपडीत पावरी, टीव्हीवर पुण्या-मुंबईची मराठी, आणि या सगळ्यांवर मोबाइलमधली इंग्रजी बालगीतं.

अशा घरातले तरुण आईबाप बाळ चार-सहा महिन्यांचं झालं की ठरवून टाकतात, याच्याशी बोलीत बोलायचं नाही. पुढे शाळेत हसतील. याच्याशी ‘चांगल्या’ भाषेत बोलायचं, जमलं तर थोडं इंग्रजीत. मग सुरू होतं ते असं: ‘बेटा, हँड वॉश कर. मिल्क पी. गुड बॉय.’ तीच आई मान वळवून सासूबाईंशी बोलू लागते तेव्हा मात्र भाषेला कशी धार येते! टोमणा, म्हण, हसू, शेजारच्या लग्नाची साग्रसंगीत हकीकत. घरातली सगळी रसाळ भाषा मुलाच्या डोक्यावरून जाते आणि त्याच्या वाट्याला येतात दहा-बारा हुकूम.

हा लेख त्या निर्णयाविरुद्ध आहे. ज्या भाषेत तुम्हाला विचार न करता रागावता येतं, चेष्टा करता येते, कालचा किस्सा रंगवून सांगता येतो, तीच बाळाशी बोलायची भाषा. ती लेवा असेल, अहिराणी असेल, हिंदी किंवा पावरी असेल. असं का, हे समजून घ्यायचं तर मूल बोलायला कसं शिकतं ते आधी पाहावं लागेल.

पहिल्या शब्दाच्या आधी

बोलणं शिकायला सुरुवात पहिल्या शब्दाच्या पुष्कळ आधी होते. गर्भातल्या बाळाला शेवटच्या तीन महिन्यांत आवाज ऐकू येत असतात, आणि जन्मल्यावर काही दिवसांतच ते आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजातून वेगळा ओळखतं. आईच्या बोलण्याची लय, हेल, चढउतार त्याच्या ओळखीचे असतात. खान्देशातला हेल बाहेरच्या माणसाला लगेच कळतो, आपल्याला आपला कळत नाही. बाळाने मात्र तो पोटातच ऐकून ठेवलेला असतो.

पुढचा प्रयोग आपल्या भाषांशीच संबंधित आहे. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ यांच्यासारखे आवाज इंग्रजी घरातल्या बाळांना ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला हा फरक सहसा ऐकूच येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना मात्र तो छान कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांचा हा कान बंद झालेला होता, कारण त्यांच्या घरात त्या फरकाची कुणाला गरजच नव्हती. हिंदी घरातल्या बाळांचा कान तसाच राहिला. थोडक्यात, पहिला वाढदिवस यायच्या आत बाळाने घरातले आवाज कोणते आणि परके कोणते याची निवड बरीचशी उरकलेली असते. ‘अजून त्याला काय कळतंय’ असं आपण म्हणत असतो तेव्हा त्याचं सगळ्यात मोठं काम चालू असतं.

आणखी एक अवघड काम ते याच काळात करतं. आपण बोलताना शब्दांमध्ये जागा सोडत नाही. ‘चलआपणआंघोळकरू’ असा एक सलग आवाज बाळाच्या कानात जातो. यातला शब्द कुठे संपला आणि कुठे सुरू झाला हे त्याला कोण सांगतं? कुणीच नाही. अमेरिकेत १९९६ साली आठ महिन्यांच्या बाळांना एक बनावट भाषा फक्त दोन मिनिटं ऐकवली. कोणते आवाज नेहमी एकमेकांच्या पाठोपाठ येतात हे त्यांनी टिपलं आणि तेवढ्यावर ‘शब्द’ वेगळे केले. आंघोळीच्या वेळी, तेल लावताना, भरवताना रोज तीच ती वाक्यं बोलण्याचं मोल इथे आहे. आजी रोज तेच बोलते म्हणून आपण कंटाळतो, पण बाळाला नेमकं तेच हवं असतं.

तोंडाने काय होतं, तर दोन-तीन महिन्यांत ‘आ-ऊ’, आणि सहाव्या ते दहाव्या महिन्यात कधीतरी ‘बाबाबा’, ‘दादादा’, ‘ममम’ अशी मालिका. यावरून घरात भांडण होतं, आधी बाबा म्हणालं की मम्मी. खरं तर ते अजून कुणाचंच नाव घेत नसतं, तोंड आणि कान यांची जुळणी चाललेली असते. पण तुम्ही ‘अगं, बाबा म्हणाली!’ म्हणून धावलात तर उत्तम. त्या आवाजाला माणूस मिळतो आणि पुढे त्याचा शब्द होतो. ऐकू न येणारी, पण खुणांची भाषा बोलणाऱ्या आईबापांच्या घरातली बाळंसुद्धा याच वयात हातांनी अशीच बडबड करतात. म्हणजे बाळाच्या मनात भाषेची भूक असते. तिला आवाजच हवा असं नाही, भाषा मात्र हवी.

लाडाच्या भाषेबद्दल सुशिक्षित घरांत एक विनाकारण धास्ती आहे. मंमं, भूर, बाऊ, हम्मा, चिऊ, जोजो हे शब्द वापरले तर मूल बोबडं राहील, असं म्हणतात. हे शब्द काही आजीच्या वेडेपणातून आलेले नाहीत. १९६४ सालीच, म्हणजे फॅक्टरीच्याच वर्षी, अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी जगातल्या सहा भाषांमधल्या लाडाच्या बोलीचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या सहांत मराठी होती. त्याच वर्षी आपले अशोक केळकर यांनी मराठी बालबोलीवर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला. अवघड जोडाक्षरं गाळायची, तोच आवाज दोनदा म्हणायचा, सूर उंच करायचा, वाक्य छोटं ठेवायचं, हे दूरदूरच्या भाषांत आढळतं. बाळाचं लक्ष अशा बोलण्याकडे जास्त लागतं. तेव्हा ‘भूर’ बिनधास्त म्हणा. फक्त त्याच्या जोडीला ‘आपण बाहेर जाऊ’ हेही म्हणत राहा. तीन वर्षांचं मूल ‘भूर’ आपोआप सोडून देतं.

मोबाइल बोलतो, पण ऐकत नाही

आता वरणगावातच काय, सगळीकडे सर्रास दिसणारी गोष्ट. बाळ जेवत नाही म्हणून समोर मोबाइल धरायचा. त्यात रंगीत बाहुल्या गातात, मूल तोंड उघडतं, वाटी संपते. आई म्हणते, ‘त्याच्यावरून तो ए बी सी डी शिकला.’

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली याचंच उत्तर देणारा प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली, बारा बैठका. एका गटाशी चिनी माणूस समोर बसून खेळला, गोष्ट वाचून दाखवली. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तीच गोष्ट, तेवढाच वेळ, पण टीव्हीवर दाखवली. पहिल्या गटाने चिनी आवाजांमधला फरक शिकला. टीव्हीचा गट कोरा राहिला. भाषा तीच होती, आवाज तोच होता. फक्त पडद्यावरचा माणूस बाळाकडे पाहत नव्हता, त्याने हसल्यावर हसत नव्हता, त्याने ज्या वस्तूकडे पाहिलं त्या वस्तूचं नाव घेत नव्हता.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने, २०२१ साली दिलेला सल्ला असा की दोन वर्षांपर्यंत मुलाला पडदा दाखवू नये, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. गावच्या आजोबांशी व्हिडिओ कॉल करणं वेगळं. तिथे पलीकडे उत्तर देणारा माणूस असतो. मी यात एक भर घालेन. मुलाच्या हातातल्या मोबाइलपेक्षा आईबापांच्या हातातला मोबाइल जास्त नुकसान करतो. मूल ‘अं?’ म्हणून वर पाहतं, समोर कुणी नसतं. असं दिवसात किती वेळा होतं ते आपणच पाहावं.

भाषा शिकण्याचं खरं माप मुलाला किती शब्द ऐकवले हे नसून किती वेळा पाळी-पाळीने बोलणं झालं हे आहे. मूल काही करतं, तुम्ही उत्तर देता, ते परत काही करतं. सहा महिन्यांच्या बाळाचं ‘काही’ म्हणजे हुंकार. वर्षाच्या बाळाचं बोट दाखवणं. बोट दाखवणं हे वाक्यच समजा. केळीच्या गाडीकडे बोट केलं तर ‘हो, केळीची गाडी. किती घड आहेत बघ. भुसावळला चालली’ असं उत्तर द्यावं. आणि मग गप्प बसावं. मनात पाच-सात अंक मोजावेत. लहान मुलाला उत्तर जुळवायला आपल्यापेक्षा पुष्कळ वेळ लागतो आणि आपल्याला तेवढा धीर नसतो. तीन सेकंदांत आपणच दुसरा प्रश्न विचारतो आणि त्याची पाळी जाते.

त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. शेतावर जाणाऱ्या आईला ‘रोज अर्धा तास मुलाशी संवाद साधा’ असं सांगणं मला हास्यास्पद वाटतं. भाकरी थापताना पिठाचा एक गोळा त्याच्या हातात द्या आणि काय चाललंय ते बोलत राहा. बट्टीचं पीठ मळताना, वांगी भाजताना, कपडे वाळत घालताना, बसची वाट पाहताना. ‘वांगं काळं झालं. आता साल काढू. हाय, चटका बसला!’ मुलाचं लक्ष जिथे आहे तिथलं बोलणं सगळ्यात लवकर रुजतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, चिऊचं मेणाचं घर आणि काऊचं शेणाचं घर ही गोष्ट, हीही त्यात आली. त्या गोष्टीत काऊ दार वाजवत राहतो आणि चिऊ दर वेळी काही नवं काम सांगून त्याला थांबवते. साचा तोच, एकच शब्द बदलतो. याहून चांगला व्याकरणाचा पाठ कुणी लिहिलेला नाही.

एक टाळा. पाहुणे आले की ‘काकांना म्हणून दाखव, गाय कशी करते? नाक कुठे आहे? वन टू म्हण.’ ही तोंडी परीक्षा झाली. मुलाच्या बोलण्याने कुणाला काही कळत नाही, कुणाला काही मिळत नाही, नुसते मार्क मिळतात. काही मुलं अशाने पाहुण्यांसमोर तोंडच उघडेनाशी होतात.

‘करलं’ म्हणणारं मूल

दीड वर्षाच्या आसपास शब्द वाढू लागतात आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडले जातात: ‘पाणी दे’, ‘बाबा गेले’, ‘टोपी नको’. मग अडीच-तीन वर्षांचं मूल एक दिवस म्हणतं, ‘मी करलं.’ किंवा, ‘मुंगी मरली.’ आई लगेच सुधारते: ‘करलं नाही, केलं म्हण.’

जरा थांबून पाहा. ‘करलं’ हा शब्द त्याला घरात कुणी शिकवला? कुणीच नाही. त्याने भरलं, धरलं, मारलं, चिरलं ऐकलं, त्यातून स्वतःच नियम काढला आणि ‘कर’ला लावला. नियम बरोबर आहे. आपली भाषाच तिथे आडवळणाने जाते. जीन बर्को यांनी १९५८ साली अमेरिकेत मुलांना मुद्दाम बनवलेले, कधीच न ऐकलेले शब्द देऊन पाहिलं होतं, आणि मुलांनी त्यांना आपल्या भाषेचे प्रत्यय बऱ्याचदा बरोबर लावले होते. मूल पोपटासारखं बोलत नाही याचा हा पुरावा. ‘करलं’ ऐकून काळजी करण्यापेक्षा पेढे वाटावेत.

मग सुधारायचं की नाही? सुधारायचं, पण न अडवता. मूल म्हणालं, ‘मी घर करलं.’ तुम्ही म्हणा, ‘अरे वा, तू घर केलं? कोण राहणार त्यात?’ त्याला बरोबर रूप ऐकू आलं, वाक्य मोठं झालं, आणि गप्पाही पुढे गेल्या. ‘नीट बोल, मग देईन’ असं म्हणून हात आखडता घेऊ नका. आधीच अडखळणाऱ्या मुलावर तर याचा उलटाच परिणाम होतो. तीन-चार वर्षांची पुष्कळ मुलं काही काळ ‘मी-मी-मी काल’ असं अडखळतात, कारण विचार पुढे पळतो आणि तोंड मागे राहतं. त्या वेळी वाक्य पुरं करून देऊ नये, ‘हळू बोल’ही म्हणू नये, आपणच सावकाश बोलावं आणि ऐकून घ्यावं. हे अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं, किंवा बोलताना मुलाचं तोंड वेडंवाकडं होऊ लागलं, तर वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवावं.

डोया की डोळा

आता बोलीकडे. तापीच्या दोन्ही काठांवर, भुसावळ-यावल-रावेर पट्ट्यात, लेवा बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. डोळा म्हणजे डोया, पोळी म्हणजे पोयी, काळा म्हणजे काया. ‘मला’चं ‘मले’ होतं. वरणगावचं तीन वर्षांचं मूल ‘मले केय दे’ म्हणालं तर त्याचा उच्चार अगदी बरोबर आहे, कारण घरात तो तसाच होतो.

दुसरीकडे पुण्या-मुंबईच्या घरातलं मूलही तीन वर्षांचं असताना ‘डोया’ किंवा ‘डोला’ म्हणतं. त्याच्या घरात ‘डोळा’ म्हणतात, पण ‘ळ’ ही अवघड चीज आहे आणि ‘र’, ‘ळ’ व जोडाक्षरं उशिरा जमतात. दोन्ही मुलांच्या तोंडून एकच आवाज येतो. एक शिकून झालं आहे, दुसरं अजून शिकतं आहे. फरक ओळखायची रीत सोपी आहे: मूल ज्यांच्यात वाढतं त्या मोठ्या माणसांसारखं बोलतं का, एवढंच पाहायचं. अंगणवाडीताईंनी किंवा बाहेरगावच्या तज्ज्ञाने ‘याला ळ येत नाही’ असं म्हटलं तर ‘आमच्या घरात कुणालाच येत नाही’ हे न लाजता सांगा.

बोली म्हणजे तोकडी भाषा, असं ज्यांना वाटतं त्यांनी आसोदं आठवावं. बहिणाबाई चौधरी तिथल्याच, जन्म १८८०चा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्यांनी ज्या बोलीत रचना केली ती आजींकडून, आयांकडून कानावर आलेली होती. त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं आणि महाराष्ट्र थक्क झाला. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्या विद्यापीठाच्या हद्दीत राहणारी आई त्यांच्या बोलीत आपल्या बाळाशी बोलायला लाजते, याला काय म्हणावं? अहिराणीचंही तसंच. २०११च्या जनगणनेत खान्देशी या भाषेखाली, त्यात अहिराणीही आली, साडेअठरा लाखांहून जास्त लोक निघाले.

शाळेचं भय मात्र मी उडवून लावणार नाही. पहिलीचं पुस्तक प्रमाण मराठीत असतं आणि बोलीतलं मूल वर्गात काही दिवस बिचकतं, हे खरं आहे. पण ते प्रमाण भाषा शिकतं, आणि घरची भाषा भरपूर असेल तर लवकर शिकतं. ज्याला एका भाषेत ‘काल’, ‘उद्या’, ‘म्हणून’, ‘नाहीतर’ यांचा अर्थ कळलेला असतो, त्याला दुसऱ्या भाषेत फक्त नवे शब्द शिकायचे असतात. ज्याच्याशी दोन्ही भाषांत अर्धंमुर्धं बोललं गेलं, त्याला दोन्हीकडे अडतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या मुलांच्या अंगणात जाऊन, त्यांच्या बोलीला आणि त्यांच्या पानाफुलांना धरून. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी झाला आहे, पण ती कल्पना तिथली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिक्षण असावं असं म्हटलं आहे. अंगणवाडीताईंना एवढंच सांगणं: ‘मले पानी पाह्यजे’ म्हणणाऱ्या मुलाला आधी पाणी द्या, मग म्हणा, ‘तुला पाणी हवं होतं ना?’

घरात दोन-तीन भाषा असतील तर

आई वरणगावची, वडील बिहारचे, अशी घरं वसाहतीत नवी नाहीत. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं, ही समजूत डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकू येते. तिला आधार नाही. दोन भाषांतल्या मुलाचे शब्द मोजताना दोन्हीकडचे मिळून मोजावेत. मराठीत वीस आणि हिंदीत वीस शब्द असलेलं मूल चाळीस शब्दांचं धरावं. ते ‘पानी दे ना आजी’ अशी मिसळ करेल. मोठी माणसंही करतात. दोन वर्षांच्या सुमारास कुणाशी कोणत्या भाषेत बोलायचं हे ते ओळखायला लागलेलं असतं.

प्रत्येकाने आपापल्या सवयीची भाषा बोलावी, म्हणजे झालं. जी भाषा कमी कानावर पडते, उदाहरणार्थ फक्त वडिलांची, तिला वेळ मिळेल एवढं पाहावं: गावी फोन, सुट्टीत काका-चुलत भावंडं, रात्रीची गोष्ट. ऐकायला मिळत नाही ती भाषा टिकत नाही. आणि इंग्रजी? घरात कुणी सहज बोलत असेल तर जरूर बोलावं. नसेल तर ती शाळेत येईल. मोडक्या इंग्रजीसाठी धडधाकट बोली देऊन टाकणं हा तोट्याचा सौदा आहे.

‘बापही उशिराच बोलला होता’

इथे मात्र मला कडक बोलायचं आहे. उशिरा बोलणाऱ्या मुलासाठी आपल्याकडे वेखंड उगाळून जिभेला लावतात, मधाचं बोट चाटवतात, पोपटाने चोच मारलेला पेरू खाऊ घालतात. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि या सगळ्यात वर्ष-दीड वर्ष निघून जातं, ते परत मिळत नाही. ‘मुलगे उशिराच बोलतात’ हेही अर्धसत्य. मुली सरासरीने थोड्या आधी बोलतात, इतकंच. पुढच्या खुणा मुलगा आणि मुलगी दोघांना सारख्याच लागू आहेत.

वर्षाचं झालं तरी बाळ ‘बाबा-दादा’ अशी बडबड करत नाही, बोट दाखवत नाही, टाटा करत नाही. सोळा महिन्यांत एकही शब्द नाही. दोन वर्षांत दोन शब्द जोडून स्वतःहून बोलत नाही. हाक मारल्यावर वळत नाही, डोळ्याला डोळा देत नाही. तीन वर्षांचं झालं तरी बाहेरच्या माणसाला त्याचं बहुतेक बोलणं कळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: येत असलेले शब्द कोणत्याही वयात गेले. यातलं एक जरी असेल तरी ‘बघू, बोलेल’ म्हणून थांबू नका. शेवटचं दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

पहिली तपासणी कानाची. डब्बा वाजवल्यावर बाळ वळलं म्हणजे ऐकू येतं, असं नाही; काही आवाज ऐकू येतात आणि बोलण्यातले नेमके हळू आवाज निसटतात, किंवा मूल तुमची हालचाल पाहून वळतं. नवजात बाळासाठी ओएई नावाची चाचणी असते. कानात छोटी नळी ठेवतात, बाळ झोपलेलं असलं तरी चालतं, काही मिनिटांत होते. तिच्यात शंका आली तर बेरा चाचणी. नियम असा की पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. प्रसूती झालेल्या दवाखान्यातून घरी निघण्याआधी ‘ओएई झाली का?’ हे विचारून घ्या. वारंवार सर्दी, कान वाहणं याकडेही दुर्लक्ष नको. मध्यकानात पाणी साठलं की आठवडेच्या आठवडे मूल अर्धवट ऐकतं. कानात गरम तेल घालू नये.

खर्चाची काळजी असेल तर २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. कानाचे आणि भाषेच्या विलंबाचे दोष त्याच्या यादीत आहेत आणि पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोय आहे. पथक कधी येणार हे अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना माहीत असतं. त्या दिवशी मुलाला मामाच्या गावी नेऊ नका. मोठ्या तपासणीसाठी मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. १९८३पासून ती ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी काम करते. ऐकू येत नाही असं निघालं तर श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट आणि भारतीय सांकेतिक भाषा हे सगळे रस्ते आहेत, आणि खुणांची भाषा शिकली म्हणून मूल बोलायचं थांबत नाही.

तज्ज्ञाकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. एका कागदावर मूल जे जे शब्द वापरतं ते सगळे लिहा, ते जसे उच्चारतं तसेच. ‘भूर’ही लिहा, हिंदी शब्दही, ‘डोया’ आणि ‘पोयी’ही. घरात कोण कोणत्या भाषेत बोलतं ते त्याखाली लिहा. मूल खेळताना स्वतःशी बोलत असतं तेव्हाचं दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये करून ठेवा. दवाखान्यात ते तोंड उघडेलच असं नाही. आणि मुलाला दिवसभर सांभाळणारी आजी असेल तर तिलाही सोबत न्या. काय बोलतं, कधीपासून बोलतं, कुणाला उत्तर देतं, हे तिला आईबापांपेक्षा नेमकं माहीत असतं.